वर बाल्कनीत बसून वाचा

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा 14 वर्षांचा, नववीत आहे. शाळेत इंग्लिशला 'टू किल अ मॉकिंगबर्ड' लावलंय. वर्गात एकच ब्लॅक मुलगी आहे आणि पुस्तकात ब्लॅक लोकांसाठीचा तो घाणेरडा शब्द आला की सगळे वळून तिच्याकडे बघतात, असं तो एकदा सांगून गप्प झाला. आता पुस्तक उघडायलाच तयार नाही. 'ॲटिकस हिरो आहे का?' यावर निबंध द्यायचा होता, तो त्याने नेटवरची समरी बघून लिहिला आणि टीचरने 'यात तू कुठे आहेस?' असं लिहून परत दिला. मिस्टर म्हणतात मॅथ्सकडे लक्ष दे, गोऱ्या-काळ्यांच्या भानगडीशी आपल्याला काय करायचंय. त्यात परवा जेवताना त्याने मला विचारलं, "आई, तेव्हा आपण असतो तर कोर्टात खाली बसलो असतो की वर?" मला उत्तरच देता आलं नाही. मी मराठी मीडियमची, पुस्तक वाचलेलं नाही. शाळेला सांगून दुसरं पुस्तक मागू का?
- एक आई

उत्तर:

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू माझ्यापेक्षा लहानच असणार, म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते: नको, दुसरं पुस्तक मागू नकोस. अगं, जो मुलगा सगळा वर्ग एका मुलीकडे वळून बघतोय हे टिपतो आणि त्याचा त्याला इतका त्रास होतो की पुस्तकच नको वाटतं, त्याला ते पुस्तक कळायला लागलंय. समरी वाचून निबंध लिहिला ही त्याची चूक आहेच, पण ती आळसाची चूक नाहीये असं मला वाटतं, त्याला त्या गोष्टीच्या जवळ जायचं नाहीये म्हणून तो लांबून लिहून मोकळा झाला.

पण वर्गातल्या त्या प्रकाराचं मात्र आधी काहीतरी कर. टीचरला एक साधी मेल टाक. पुस्तक काढा असं म्हणू नकोस, एवढंच विचार की तो शब्द वर्गात मोठ्याने वाचला जातो का, कोण वाचतं, आणि वाचायच्या आधी त्याच्याबद्दल काही बोलणं झालंय का. बऱ्याच शाळांमधे हल्ली तो शब्द छापलेला असला तरी उच्चारत नाहीत, वाचताना गाळतात. त्या मुलीचं नाव मेलमधे घेऊ नकोस, तिने आपल्याला काही सांगितलेलं नाही, तिच्या वतीने बोलायचा हक्क आपल्याला नाही. आणि मुलाला सांग, पुढच्या वेळी सगळे वळतील तेव्हा तू पुस्तकात बघत रहा. 14 व्या वर्षी एवढं करणंसुद्धा सोपं नसतं गं.

आता तू. तू हे पुस्तक वाच, त्याच्यासोबत, रोज थोडं. मराठी मीडियमची आहेस म्हणून घाबरू नकोस, त्यातलं दक्षिणेकडचं बोलीतलं इंग्लिश मलाही पहिल्यांदा जड गेलं होतं आणि मी तर कॉलेजात इंग्लिशच शिकवत होते. लायब्ररीतून ऑडिओबुक मिळतं का बघ, सिसी स्पेसेक या अभिनेत्रीने वाचलंय, कानावर पडलं की अर्धं असंच कळतं. एकूण 31 प्रकरणं आहेत. पहिली अकरा हळू चालतात, मुलांचे खेळ, शेजारचं बंद घर, झाडाच्या ढोलीत कुणीतरी ठेवलेलं च्युइंगम आणि साबणाच्या कोरलेल्या बाहुल्या, आणि मुलं नेमकी तिथेच कंटाळतात. कंटाळू दे. त्या अकरा प्रकरणांत ते गाव आपल्याला आवडायला लागतं, आणि मग तेच गाव, तीच ओळखीची माणसं काय करतात ते बघून जास्त लागतं.

तुला वाचायच्या आधी थोडक्यात सांगून ठेवते. अलाबामा राज्यातलं मेकॉम्ब नावाचं कल्पित गाव, 1933 ते 35 चा काळ, मंदीचे दिवस. गोष्ट सांगते स्काउट, सुरुवातीला सहाचीसुद्धा पूर्ण नाही अशी मुलगी. जेम तिचा मोठा भाऊ, वडील ॲटिकस वकील, आई लहानपणीच गेलेली, घर सांभाळते कॅल्पर्निया ही ब्लॅक बाई. टॉम रॉबिन्सन या ब्लॅक शेतमजुरावर मेयेला नावाच्या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप येतो आणि त्याचं वकीलपत्र ॲटिकसकडे येतं. लेखिका हार्पर ली स्वतः अलाबामातल्या मनरोव्हिल गावातली, तिचे वडीलही वकील. पुस्तक आलं 1960 मधे आणि पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळालं.

आता माझं सांगते. पहिल्या वर्षी मी हे पुस्तक एम.ए.च्या वर्गाला शिकवलं तेव्हा तास न् तास ॲटिकसवर बोलले. किती शांत, किती धीराचा, हरणार हे माहीत असून लढला वगैरे. मी भारावलेली होते आणि मुलांनीही भरभरून नोट्स घेतल्या. शेवटच्या तासाला मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, टॉमच्या बायकोचं पुढे काय झालं?" मला सांगता आलं नाही. म्हणजे पुस्तकात ते आहे, मी वाचलेलं होतं, पण माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. घरी जाऊन शोधलं. हेलन तिचं नाव. तीन लेकरं. टॉम गेल्यावर त्याचा जुना मालक तिला कामावर ठेवतो, पण मेयेलाच्या बापाच्या घरावरून गेलं की तिला त्रास देतात म्हणून ती बाई रोज जवळजवळ मैलभर लांबचा रस्ता धरून कामाला जाते. मैलभर जादा, रोज, पायी. मालकाला हे कळायलासुद्धा काही दिवस जातात. सत्ताविसाव्या प्रकरणात थोडक्यात येऊन जातं ते सगळं.

तेव्हापासून मी हे पुस्तक वेगळं वाचते आणि तुलाही तसंच वाचायला सांगणार आहे. गोष्ट स्काउट सांगते, स्काउट गोरी आहे आणि लहान आहे, त्यामुळे तिला जे दिसतं ते आपल्याला ठळक दिसतं आणि तिला न दिसणारं असं कुठेतरी एका ओळीत असतं. ती एक ओळ शोधायची. तुझ्या मुलाने बरोबर जागा पकडलीये बघ, खाली की वर. खटल्याच्या दिवशी कोर्ट भरतं, खाली गोरे, वर बाल्कनीत ब्लॅक लोक. आपल्याकडे थिएटरमधे बाल्कनीचं तिकीट महाग, तिथे बाल्कनी म्हणजे ज्यांना खाली जागाच नाही त्यांची. खाली जागा उरत नाही तेव्हा कॅल्पर्नियाच्या चर्चचे पाद्री रेव्हरंड साइक्स स्काउट-जेम आणि त्यांच्या मित्राला वर घेऊन जातात आणि पहिल्या रांगेतली चार ब्लॅक माणसं उठून यांना जागा देतात. आता मुलाला विचार, ती चार माणसं मग कुठे गेली? उभी राहिली? आपल्याच माणसाचा खटला चालू असताना त्यांनी मुलांना जागा का दिली असेल? पुस्तक तिथे थांबत नाही, तुम्ही दोघं थांबा.

खटला सतराव्या प्रकरणापासून एकविसाव्यापर्यंत. हा भाग दोनदा वाचा, एकदा सलग आणि एकदा फक्त हात बघत. म्हणजे असं: मेयेलाच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजलेली, डोळा काळानिळा. म्हणजे समोरच्याने मारलं तर बहुतेक डाव्या हाताने. ॲटिकस तिच्या बापाला सगळ्यांसमोर नाव लिहायला लावतो आणि तो डावखुरा निघतो. मग टॉम शपथ घ्यायला येतो, डावा हात बायबलवर ठेवायचा असतो, तो हात लहानपणी कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, सापडून निकामी झालाय, उजव्यापेक्षा बराच आखूड, आणि तो बायबलवर ठरतच नाही, घसरतो. तो पुन्हा ठेवायला जातो. तेवढ्यात जज म्हणतात राहू दे. निकाल खरंतर तिथेच लागायला हवा होता ना? सगळ्या गावाने ते डोळ्यांनी बघितलं आणि तरी बारा गोऱ्या पुरुषांनी त्याला दोषी ठरवलं. पुराव्याची कमी नव्हती गं. पुरावा डोळ्यासमोर असताना माणसं नाही कशी म्हणतात, हे आहे या पुस्तकात.

आणि टॉमची उलटतपासणी. सरकारी वकील विचारतो, तू त्या मुलीची कामं फुकट का करायचास. लाकडं फोड, पाणी आण. टॉम म्हणतो, मला तिची दया यायची. बास. सगळं कोर्ट त्या एका वाक्यावर अस्वस्थ होतं. आपण दिवसातून दहा वेळा कुणालातरी 'बिचारी' म्हणतो, पण जरा विचार कर, कोण कोणाला बिचारी म्हणतं? मालकीण कामवालीला म्हणते. कामवाली मालकिणीला तिच्या तोंडावर म्हणाली तर? दया वरून खाली जायची असते अशी ती व्यवस्था होती आणि टॉमने ती खालून वर पाठवली, तीसुद्धा भर कोर्टात. त्याला दोषी ठरवणारी गोष्ट मला तरी ही वाटते. याच ठिकाणी स्काउट-जेमचा डिल नावाचा छोटा मित्र रडायला लागतो, कारण तो वकील टॉमशी ज्या आवाजात बोलत असतो तो आवाज त्याला सहन होत नाही. तुझा मुलगा डिलच्या जातीचा दिसतोय मला, त्याला ते पान नक्की वाचून दाखव.

बलात्काराचा विषय आहे म्हणून तू बावरू नकोस. तुझा मुलगा 14 वर्षांचा आहे, त्याला शब्द माहीत आहे. एक काळजी मात्र घे, पुस्तक वाचून 'मुली खोट्या तक्रारी करतात' एवढंच घेऊन तो उठायला नको. मेयेला खोटं बोलते हे खरं. पण मेयेलाला तिचा बाप मारतो, आणि टॉमच्या साक्षीत एक वाक्य आहे त्यावरून बाप तिच्याशी याहून वाईटही वागतो असा अर्थ निघतो. ती 19 वर्षांची आहे, मैत्रीण नाही, शाळा नाही, त्या उकिरड्यासारख्या अंगणात तिने जुन्या फुटक्या भांड्यांतून लाल जिरेनियम लावलेत आणि त्यांची निगा राखलीये. तिच्यावर अन्याय होतोच आणि ती तो तिच्याहून खाली असलेल्या माणसावर लोटते. हे दोन्ही एकदम मनात धरता आलं पाहिजे. बाबांनाही या गप्पांमधे घे जमलं तर.

मग ॲटिकस हिरो आहे का? मला विचारशील तर तो चांगला माणूस आहे आणि चांगला वकील आहे, पण हिरो म्हटलं की बाकीचे सगळे त्याच्या मागे उभे राहतात आणि दिसेनासे होतात. केस त्याने स्वतःहून घेतलेली नाही, जजनी नेमलंय त्याला, हे मुलाने निबंधात लिहावं. टॉमला मारायला आलेल्या जमावातल्या एका माणसाबद्दल तो मुलांना सांगतो की माणूस मुळात चांगलाच आहे, हेही लिहावं, आणि टॉमच्या जागी बसून ते वाक्य कसं ऐकू येईल तेही. 2015 मधे हार्पर लीचं जुनं हस्तलिखित वेगळं पुस्तक म्हणून छापलं गेलं, त्यात म्हातारा ॲटिकस गोऱ्यांच्या वर्चस्ववादी मंडळींच्या मीटिंगला जाऊन बसलेला दिसतो, तेव्हा किती वाचकांना ते लागलं होतं. मला मात्र वाटलं, पहिल्या पुस्तकातही त्याच्या खुणा होत्याच, आम्ही बघितल्या नव्हत्या.

खऱ्या इतिहासातलं एक प्रकरण त्याला शोधायला सांग, स्कॉट्सबरो. 1931, अलाबामा, मालगाडीतून जाणारी नऊ ब्लॅक मुलं, काही तर तुझ्या लेकाच्याच वयाची, आणि दोन गोऱ्या बायकांनी केलेला असाच आरोप. दोनेक आठवड्यात आठ जणांना मृत्युदंड सुनावला. 1933 च्या फेरखटल्यात त्या दोघींपैकी एकीने कोर्टात सांगितलं की असं काही झालंच नव्हतं, तरी ज्युरीने पुन्हा दोषीच ठरवलं. जज जेम्स हॉर्टन यांनी तो निकाल रद्द केला आणि पुढच्या वर्षी ते निवडणूक हरले, त्यांचं न्यायाधीशपद गेलं. आणि पुस्तकातला खटला ज्या 1935 च्या उन्हाळ्यात चालतो त्याच वर्षी एप्रिलमधे सुप्रीम कोर्टाने याच प्रकरणात म्हटलं की ब्लॅक लोकांना ज्युरीतून असं पद्धतशीर वगळणं घटनेविरुद्ध आहे. तरी वीस वर्षांनी, 1955 मधे, मिसिसिपीत एमेट टिल या 14 वर्षांच्या मुलाला मारणाऱ्या दोघांना सगळ्या गोऱ्यांच्या ज्युरीने तासाभरात सोडून दिलं. 14 वर्षांचा. हार्पर ली हे पुस्तक लिहीत होती तो काळ हा, पुस्तकातलं तीसचं दशक जुनं असलं तरी तिच्या खिडकीबाहेर तेच चालू होतं.

अजून एक कर. मिल्ड्रेड टेलर या ब्लॅक लेखिकेचं 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' आण. तेही 1933 च्या सुमाराचं, तीही लहान मुलगीच गोष्ट सांगते, पण कॅसी ब्लॅक आहे, मिसिसिपीत आपल्या स्वतःच्या जमिनीवर राहणाऱ्या कुटुंबातली. शाळेत यांना गोऱ्या मुलांनी वापरून फाटलेली पुस्तकं मिळतात, आणि पुस्तकाच्या आतल्या पानावर तक्ता असतो, आतापर्यंत ते कुणाकुणाकडे होतं, कोणत्या अवस्थेत. कॅसीचा धाकटा भाऊ तो तक्ता वाचतो आणि पुस्तक जमिनीवर फेकून त्यावर पाय आपटतो. तुझ्या मुलाला पुस्तक उघडायचं नाहीये ना, त्याला हा मुलगा भेटू दे. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की स्काउटला काय दिसत नव्हतं ते आपोआप कळतं.

आता तुझ्या मिस्टरांचं 'आपल्याला काय करायचंय'. त्यांना प्रेमाने सांग की महात्मा फुल्यांना करायचं होतं काहीतरी. 1873 साली 'गुलामगिरी' छापलं तेव्हा त्यांनी ते पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं, पुण्यात बसून. आणि तुमचं न्यू जर्सीतलं घर. मुलाने विचारलं ना खाली की वर, तर खरं उत्तर असं आहे की आपण बहुतेक त्या गावात असलोच नसतो. 1917 च्या कायद्याने आपल्याकडच्या लोकांना तिकडे यायचीच बंदी होती. 1923 मधे भगतसिंग थिंड नावाच्या, अमेरिकन सैन्यात राहिलेल्या शीख माणसाला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तू गोरा नाहीस, सबब नागरिकत्व नाही. दार खऱ्या अर्थाने उघडलं 1965 च्या इमिग्रेशन कायद्याने, आणि तो आला 1964 चा नागरी हक्क कायदा आणि 1965 चा मतदान हक्क कायदा यांच्या पाठोपाठ, त्याच लाटेत. म्हणजे त्या बाल्कनीत उभी असलेली माणसं आणि त्यांची मुलं रस्त्यावर उतरली, मार खाल्ला, तुरुंगात गेली, म्हणून पुढे आपले इंजिनियर आणि डॉक्टर तिकडे जाऊ शकले. हे त्याला जेवताना शांतपणे सांग. त्याने तुला खरा प्रश्न विचारलाय.

एक थोडं कडू बोलते. आपल्या मराठी घरांमधे, तिकडे आणि इकडेही, ब्लॅक लोकांचा विषय निघाला की आवाज खाली जातो, "तो एरिया चांगला नाही गं", "तिथे ते लोक जास्त आहेत". इकडून गेलेली आजी तर मॉलमधेच मोठ्याने 'काळे' म्हणते, तिला वाटतं मराठीत बोललं की कुणाला कळत नाही. मुलाला कळतं. मी स्वतः माझ्या भावाकडे अटलांटाला गेले होते तेव्हा लिफ्टमधे एक ब्लॅक माणूस शिरला आणि मी पर्स या हातातून त्या हातात घेतली, भाची बघत होती, रात्री तिने विचारलं, "आत्या, तू पर्स का बदललीस?" मी तिला खरं सांगितलं, की भीती वाटली आणि त्याला काही कारण नव्हतं. तुझ्या घरात असं काही कधी झालं असेल तर ते तू स्वतः त्याला आधी सांग. मग चोविसावं प्रकरण वाचा, त्यात गावातल्या बायका चहाला जमून आफ्रिकेतल्या गरिबांसाठी डोळ्यांत पाणी आणतात आणि त्याच दमात स्वतःच्या घरच्या मोलकरणींची तोंडं कशी वाकडी झालीत म्हणून कुरकुर करतात. मी ते प्रकरण वाचते तेव्हा दरवेळी मला आमच्या सोसायटीची भिशी दिसते.

निबंधासाठी त्याला समरीची गरज नाहीये. टीचरने विचारलंय 'यात तू कुठे आहेस', आणि त्याने ते तुला जेवणाच्या टेबलावर विचारून झालंय. तेच पहिलं वाक्य लिहू दे, मी खाली बसलो असतो की वर. मग 1917, मग थिंड, मग ते चार जण जे जागा देऊन उठले, मग ॲटिकस, तो या सगळ्यातून उरला तर जेवढा उरेल तेवढा. चार पानं सहज होतील. इंग्लिश त्याचं तो बघेल, तू फक्त शेजारी बस आणि मधे-मधे विचार, हे पुस्तकात कुठे आहे रे, दाखव मला.

बाराव्या प्रकरणापासून सुरुवात केलीत तरी चालेल, पहिली अकरा त्याने निदान वरवर तरी वाचली असतील. बाराव्यात कॅल्पर्निया मुलांना आपल्या चर्चमधे घेऊन जाते आणि तिथे वेगळं बोलते, घरात वेगळं, आणि स्काउटला पहिल्यांदाच कळतं की आपल्या स्वयंपाकघराबाहेर हिचं एक अख्खं आयुष्य आहे. तुझा मुलगाही घरात मराठी आणि वर्गात इंग्लिश बोलतो, ते प्रकरण त्याला तुझ्यापेक्षा आधी कळेल. त्याला समजावून सांगू दे तुला.